समुद्री कासवांवर काम करायचंय, मग शिकायचं काय?

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यावरून पिल्लं समुद्राकडे जातानाचे व्हिडिओ सगळीकडे फिरायला लागतात आणि मग दहावी-बारावीतली मुलंमुली, कधी त्यांचे आईवडील, विचारायला लागतात की हे काम करायचं असेल तर कुठला कोर्स करायचा. सरळ सांगायचं तर आपल्याकडे कासवांची अशी वेगळी डिग्री नाहीये. आणि नाहीये ते बरंच आहे, कारण या कामात जखमी कासवावर उपचार करणारा डॉक्टर लागतो, त्यांचा अभ्यास करणारा संशोधक लागतो, मासेमारीची जाळी समजणारा माणूस लागतो, कायदा राबवणारा वनाधिकारी लागतो आणि गावात बसून लोकांशी बोलणारा कुणीतरी लागतोच लागतो. हे सगळे वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेले असतात. म्हणून आधी कोर्स शोधू नका, यातलं कुठलं काम आपल्याला पुढची वीस वर्षं करवेल ते शोधा, डिग्री त्यावरून ठरते.

आता हे काम रोजच्या रोज असतं कसं ते आधी बघू, कारण व्हिडिओत दिसतो तो त्यातला अगदी छोटा तुकडा असतो. कोकणात आणि गोव्यात मुख्यतः ऑलिव्ह रिडले ही कासवाची जात अंडी घालायला येते, साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी रात्री वर येते, भरतीरेषेच्या वर खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. पहाटे कासवमित्र किनारा चालतात, तिच्या पायांच्या खुणा शोधतात, वाळूत काठीने अंदाज घेऊन घरटं शोधतात, अंडी अलगद काढून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरतात, आणि मग ४५ ते ६० दिवस कुत्रे-कोल्हे-खेकडे यांच्यापासून राखण. सोबत नोंदी: तारीख, किती अंडी, किती फुटली, किती पिल्लं मेली, का मेली. मे संपला की किनाऱ्यावरचं हे काम थांबतं. मग उरलेले पाच महिने काय? पावसाळ्यात जखमी आणि मेलेली कासवं किनाऱ्याला लागतात त्यांचे पंचनामे आणि उपचार, नोंदींचं विश्लेषण, रिपोर्ट, पुढच्या वर्षाच्या पैशांसाठी अर्ज, मच्छीमार सोसायट्यांच्या मीटिंगा. हे सांगायचं कारण एवढंच की ज्याच्याकडे वर्षभर चालेल असं एक पक्कं कौशल्य आहे तोच या क्षेत्रात टिकतो. नुसती आवड असलेली मुलं पहिल्या सीझनला जीव लावून काम करतात आणि दुसऱ्या सीझनपर्यंत पुण्या-मुंबईत कुठेतरी नोकरीला लागलेली असतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो, त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

अकरावी-बारावी

सायन्स घेणार असाल तर बायोलॉजी लागणारच, पण माझा आग्रह आहे की मॅथ्स सोडू नका. "प्राण्यांवर काम करायचं मग गणित कशाला" हे वाक्य मी खूप मुलांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी जीव तुटतो, कारण आजचं वन्यजीव संशोधन म्हणजे निम्मं स्टॅटिस्टिक्स आहे. या वर्षी घरटी वाढली म्हणजे कासवं वाढली का, की फक्त शोधणारी माणसं वाढली, हा प्रश्न आकडेमोडीशिवाय सुटत नाही. मॅथ्स सुटलंच असेल तर रडत बसू नका, बीएससीला स्टॅटिस्टिक्सचा पेपर मिळतो का बघा, नाहीतर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर फुकटात शिका. नीट परीक्षा फक्त पशुवैद्यक व्हायचं असेल तरच मनावर घ्या, बाकी कुठल्याही रस्त्याला ती लागत नाही, उगाच दोन वर्षं क्लासमध्ये घालवू नका.

संशोधनाचा रस्ता

बहुतेकांच्या मनात हाच असतो म्हणून जरा सविस्तर. बीएससी झूलॉजी कुठल्याही बऱ्या कॉलेजातून करा. मरीन बायोलॉजी नावाची बीएससी कुठे आहे म्हणून लांब जाऊन महागड्या कॉलेजात पैसे भरायची गरज नाही, रत्नागिरी, सावंतवाडी, अलिबाग, पणजी, जे घराजवळ असेल ते चालेल, फक्त तिथल्या सरांना-मॅडमना फील्डवर जायची आवड आहे का एवढं सीनियर्सना विचारून घ्या. या तीन-चार वर्षांत तुमचं स्पेशलायझेशन नसलं तरी चालतं. पेशीशास्त्र, जेनेटिक्स, इकॉलॉजी, सगळं पोटात जाऊ द्या. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष रिसर्चसकट करता येतं, कॉलेजात ती सोय असेल आणि घरून परवडत असेल तर घ्या, कारण हातात एक छोटा का होईना स्वतःचा अभ्यास असला की पुढच्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं.

खरी निवड एमएससीला येते आणि इथे दोन फाटे आहेत. एक वन्यजीवशास्त्राचा. देहरादूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, म्हणजे डब्ल्यूआयआय, आणि बंगळूरची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संस्था, या दोन ठिकाणची वाइल्डलाइफची एमएससी देशात सगळ्यात नावाजलेली, प्रवेश परीक्षा अख्ख्या देशातून, जागा अगदी थोड्या, आणि नवी बॅच दरवर्षी निघेलच असं नाही, त्यामुळे बीएससीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीपासूनच त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं. इथे तुम्ही वाघ, बेडूक, पक्षी, गवत सगळं शिकता, कासव त्यात एखादं लेक्चर असेल. दुसरा फाटा सागरी विज्ञानाचा: गोवा विद्यापीठ, कर्नाटक विद्यापीठाचं कारवारचं केंद्र, कोचीनचं कुसॅट विद्यापीठ, अण्णामलई विद्यापीठाचं परंगीपेट्टैचं केंद्र, आणि पाँडिचेरी विद्यापीठाचा पोर्ट ब्लेअरचा विभाग. इथे समुद्राचे प्रवाह, प्लवक, मासे, प्रवाळ, खारं पाणी हे पक्कं होतं पण प्राण्याची गणती आणि वर्तन कसं अभ्यासायचं ते कमी शिकवलं जातं. पुण्यात आबासाहेब गरवारे कॉलेजची बायोडायव्हर्सिटीची एमएससी आणि भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेतले कोर्स हेही आपल्या मुलांना सोयीचे पडतात, घरापासून फार लांब नाही आणि कोकणात फील्डवर येणं सोपं.

मला विचाराल तर ज्याला प्राण्याचं वागणं, संख्या, संरक्षण यात रस आहे त्याने पहिला फाटा धरावा, आणि ज्याला समुद्रच जास्त ओढतो त्याने दुसरा. पण दोन्हीकडे एक गोष्ट बघायची ती म्हणजे शेवटच्या सेमिस्टरचं डेझर्टेशन (प्रबंध) बाहेर जाऊन करायला देतात का. कॉलेजचं नाव मोठं आणि डेझर्टेशन लॅबमध्ये बसून कुणाच्या तरी जुन्या डेटावर, यापेक्षा साधं विद्यापीठ आणि चार-पाच महिने गुहागरच्या किनाऱ्यावर स्वतः गोळा केलेला डेटा, हे मी केव्हाही निवडेन.

आणि कासवांवरच एमएससी, कासवांवरच पीएचडी असा हट्ट धरू नका. आपल्या देशात कासवांच्या अभ्यासात सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं अशा लोकांपैकी एक म्हणजे बंगळूरच्या आयआयएस्सीचे कार्तिक शंकर, दक्षिण फाउंडेशन या संवर्धन संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. कॉलेजात असताना ते चेन्नईच्या किनाऱ्यावर रात्री कासवांसाठी चालणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये होते, पण त्यांची पीएचडी मात्र निलगिरीच्या उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या छोट्या सस्तन प्राण्यांवर आहे! कासवांचं जेनेटिक्स त्यांनी नंतर केलं. कारण पीएचडीत प्रश्न कसा विचारायचा आणि त्याचं उत्तर कसं तपासायचं हे शिकायचं असतं, ते एकदा जमलं की प्राणी बदलता येतो. चांगला गाइड बेडकांवर काम करणारा मिळाला आणि वाईट गाइड कासवांवर काम करणारा, तर बेडूक घ्या.

पीएचडीसाठी सीएसआयआर-नेटचा लाइफ सायन्सेस किंवा गेटमधला इकॉलॉजी अँड इव्होल्युशनचा पेपर द्यायची तयारी एमएससीच्या पहिल्या वर्षापासून करा. नेट जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर सध्या महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं असं मिळतं, म्हणजे शिकताना घरी पैसे मागावे लागत नाहीत, आणि ज्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी एवढं शिकतंय तिथे ही फार मोठी गोष्ट असते.

आणि प्रश्नांना तोटा नाहीये हो. अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याहून गरम झालं की माद्या वाढतात. मग आपल्या हॅचऱ्यांमधली वाळू किती तापते, वर सावली करायची का, केली तर कधीपासून, हे शोधायला घरट्यात तापमान नोंदवणारा छोटा लॉगर लागतो, चिकाटी लागते आणि परवानगी लागते. पुढे, ही कासवं कोकणातून जातात कुठे? २०२२ च्या जानेवारीत वेळासला 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावला, आपल्या किनाऱ्यावरचा पहिला, डब्ल्यूआयआय आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने मिळून. २०२३ मध्ये गुहागरहून टॅग लावून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २०२५ मध्ये उलटंच झालं, २०२१ ला ओडिशात पायाला धातूचा टॅग लावलेली मादी गुहागरला येऊन अंडी घालून गेली. म्हणजे पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी वेगळी असं जे सगळे धरून चालले होते त्याचा पुन्हा विचार करावा लागतोय. हे असे प्रश्न घेऊन बसणारी मराठी मुलं अजून फार थोडी आहेत.

फिशरीज, जो कुणी निवडत नाही

मला विचाराल तर सगळ्यात जास्त माणसं इथे हवी आहेत. किनाऱ्यावरची अंडी वाचवणं आपण बऱ्यापैकी शिकलो, पण वाढलेली मादी जाळ्यात अडकून गुदमरली तर पिल्लं सोडून काय उपयोग, रिडले वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, ट्रॉलचं जाळं तासन् तास पाण्याखाली ओढलं जातं, त्यात ते अडकलं की वर येऊ शकत नाही. यावर उपाय म्हणून जाळ्याच्या निमुळत्या भागात सळ्यांची जाळी आणि वर सुटकेची खिडकी बसवतात, त्याला टेड म्हणतात, कोळंबी सळ्यांमधून मागे जाते आणि कासव खिडकीतून बाहेर. कोचीनच्या सिफ्ट या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या ट्रॉलरना चालेल असं टेड बनवलंय. पण ते बसवल्यावर आपला थोडा मासळीचा माल निसटतो ही ट्रॉलरवाल्यांची तक्रार आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, डिझेलचा खर्च त्यांच्या खिशातून जातो. दुसरीकडे टेड नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलंय, म्हणजे नुकसान दोन्हीकडून मच्छीमाराचंच. या दोन टोकांमध्ये उभं राहून बोलू शकेल, जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकांच्या मापाचा, हिशोब कळेल आणि बोटीच्या तांडेलाशी त्याच्या भाषेत बोलेल असा माणूस हवाय.

त्यासाठी बीएफएससी, म्हणजे मत्स्यशास्त्राची चार वर्षांची डिग्री. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, प्रवेश सीईटीतून. पुढे एमएफएससीसाठी मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. इथे एक खाचखळगा लक्षात ठेवा, एमएफएससीला बहुतेक ठिकाणी आधीची बीएफएससीच लागते, झूलॉजी करून नंतर इकडे वळू म्हणाल तर दार बंद असतं, त्यामुळे हा निर्णय बारावीलाच घ्यावा लागतो. आणि समजा कासवांचं काम नाही मिळालं तर मत्स्यविभाग, मत्स्यबीज केंद्रं, निर्यात कंपन्या, बँका अशी बाकीची दारं उघडी असतात, हे आईवडिलांना सांगायला बरं पडतं.

आपल्याकडे २०१८ पासून एक सरकारी योजना आहे, जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्कसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडून दिलं तर जाळ्याची भरपाई मिळते, २५,००० रुपयांपर्यंत. कागदावर सोपी, पण प्रत्यक्षात फोटो काढायचा, अर्ज भरायचा, कुणीतरी पाठपुरावा करायचा. अशा ठिकाणी फिशरीज शिकलेली गावातलीच मुलगी किंवा मुलगा असला तर किती फरक पडेल बघा. गाबीत, खारवी, दालदी, कोळी घरातल्या मुलांना तर मी हात जोडून सांगतो, तुम्हाला वारं, पाणी, जाळी लहानपणापासून कळतात, बाहेरून आलेल्या संशोधकाला ते शिकायला दोन वर्षं लागतात. तुमच्याकडे जे आहे त्याला फक्त डिग्रीची जोड द्या.

पशुवैद्यक

नीट, मग साडेपाच वर्षांची बीव्हीएससी, त्यात इंटर्नशिप आली. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे नागपूरच्या माफसू विद्यापीठाची कॉलेजं आहेत. डिग्री गायी-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, कुत्र्यांची असते हे आधी समजून घ्या, तिथे कासव शिकवत नाहीत. वन्यजीवांकडे वळायचं तर माफसूचं नागपूरला गोरेवाड्याचं वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, बरेलीची आयव्हीआरआय ही पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. आणि कासवांचा हात बसवायचा तर डहाणूचं कासव उपचार केंद्र, तिथे पालघरच्या किनाऱ्यावर लागलेली जखमी कासवं आणतात, कुणाचा पाय जाळ्याने कापलेला, कुणी नुसतं तरंगतंय, बुडताच येत नाही. सरपटणारा प्राणी असल्याने औषधाचा परिणाम अंगाच्या तापमानावर अवलंबून, आणि कितीतरी वेळ श्वास रोखून धरू शकतो म्हणून भूल देणंही अवघड, हे सगळं करत करतच शिकावं लागतं. पगारी जागा मात्र अगदी मोजक्या आहेत. म्हणून मी सांगतो की पशुधन विकास अधिकारी किंवा स्वतःची प्रॅक्टिस हा पाया ठेवा आणि किनारपट्टीच्या तालुक्यात राहा. किनाऱ्यावर कासव लागलं की वनविभागाचा पहिला फोन जवळच्या पशुवैद्यकालाच जातो, आणि त्या वेळी तिथे शिकलेला माणूस असणं महत्त्वाचं.

वनविभाग

समुद्री कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून किनाऱ्यावरचा शेवटचा शब्द वनविभागाचा. वनरक्षक बारावीवर, वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक एमपीएससीतून, आयएफएस, म्हणजे भारतीय वन सेवा, यूपीएससीतून. वरच्या पदांना विज्ञान, कृषी, इंजिनीअरिंग, पशुवैद्यक अशा ठरावीक डिग्र्याच चालतात, त्यामुळे आर्ट्स घेण्याआधी नियम वाचा. नोकरी पक्की, अधिकार खरे, पण बदल्या होतात, आज दापोली तर उद्या गडचिरोली, त्यामुळे फक्त कासवांसाठी म्हणून या रस्त्याला जाऊ नका, जंगल आणि कायदा दोन्ही आवडत असेल तरच जा.

सायन्स नसलं तर

तरीही जागा आहे. वेळासचं उदाहरण घ्या. चिपळूणचे सह्याद्री निसर्ग मित्र समुद्री गरुडांची पाहणी करत होते तेव्हा त्यांना तिथे कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि २००२ पासून भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाला सोबत घेऊन हे काम उभं केलं, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे राहायला लागले, अंडी खाणारं गाव अंडी राखायला लागलं. यात जे काम झालं ते माणसांचं आहे. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, सोशल वर्क, पर्यावरण कायदा, पत्रकारिता, पर्यटन, यातलं काहीही शिकून तुम्ही इथे येऊ शकता, फक्त सोबत इकॉलॉजीचं तोंडओळखीपुरतं शिक्षण स्वतःहून घ्या. किनाऱ्यावर रिसॉर्ट, बंधारा, फ्लडलाइट येतात तेव्हा सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम वाचू शकणारा वकील दहा संशोधकांच्या तोडीचा असतो.

डिग्रीशिवायच मोठं काम करणारेही झाले. सतीश भास्कर आयआयटी मद्रासचं इंजिनीअरिंग सोडून १९७० च्या दशकात कासवांच्या मागे लागले, देशाचा हजारो किलोमीटर किनारा चालले, १९८२ चा पावसाळा लक्षद्वीपच्या एका निर्मनुष्य बेटावर एकट्याने काढला, तिथून बाटलीत घालून सोडलेली, बायकोला लिहिलेली चिठ्ठी श्रीलंकेच्या किनाऱ्याला लागली आणि तिथल्या मच्छीमाराने ती पोस्टाने पाठवली. उत्तरायुष्यात ते गोव्यात राहिले, २०२३ मध्ये गेले. आज भारतात कुठली कासवं कुठे येतात हे जे आपल्याला माहिती आहे त्याचा पाया त्यांच्या वह्यांमध्ये आहे. त्यांच्याबद्दल जेवढा आदर वाटावा तेवढा थोडा, पण म्हणून आज कुणी कॉलेज सोडू नका. आता साधं घरटं उघडायचं तरी वनविभागाची परवानगी लागते, ती संस्थेला मिळते, आणि संस्था डिग्री विचारते.

हात कुठे घालायचा

शिकताना एक तरी पूर्ण सीझन किनाऱ्यावर घालवा. कोकणातली मुलं असाल तर घराजवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा की कुठल्या किनाऱ्यावर हॅचरी आहे, मंडणगडला वेळास, दापोलीला आंजर्ले, रायगडात हरिहरेश्वर, देवगडला तांबळडेग, वेंगुर्ल्याला वायंगणी. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग. ऑक्टोबरमध्येच भेटा, फेब्रुवारीत गेलात तर तुम्ही फक्त प्रेक्षक असता. चेन्नईला शिकायला गेलात तर तिथलं विद्यार्थ्यांचं कासव नेटवर्क १९८८ पासून रात्री किनारा चालतंय. सामूहिक विणीचं दृश्य बघायचं तर ओडिशात ऋषिकुल्या आणि गहिरमाथा, तिथे काही दिवसांत लाखो माद्या एकाच पट्ट्यात येतात, दक्षिण फाउंडेशनचं ऋषिकुल्याला अनेक वर्षांचं काम आहे आणि लिटल अंदमानात ते लेदरबॅक जातीच्या कासवांवर काम करतात. या जागांसाठी अर्ज करताना "मला कासवं फार आवडतात" याने कुणी प्रभावित होत नाही, पोहता येतं का, रात्र-रात्र चालू शकता का, एक्सेलमध्ये डेटा नीट भरता का, आकडेमोडीचं आर आणि नकाशांचं क्यूजीआयएस येतं का, हे विचारतात. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, सुट्टीत शिका. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, जमलं तर तेही करा, पण पोहणं आधी.

आणि एक इशारा मनापासून. तुमच्याकडूनच हजारो रुपये घेऊन पिल्लं हातात देणारे, फोटो काढू देणारे, पिल्लांना पाण्याच्या टाकीत दिवसेंदिवस पर्यटकांसाठी ठेवणारे कार्यक्रम असतात, त्यांचं सर्टिफिकेट छान असतं. ते घेऊ नका. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिले एक-दोन दिवस पोहण्याची जी ताकद घेऊन येतं ती टाकीत वाया जाते. जिथे नोंदवही दाखवतात, वनविभागाचं परवानगीपत्र दाखवतात आणि पिल्लांना हात लावू देत नाहीत, तिथे शिका.

परदेशाचं म्हणाल तर एमएससी किंवा पीएचडीलाच जा, बीएससीला घर गहाण ठेवू नका. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाचं कॉर्नवॉलचं कॅम्पस, अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाचं आर्ची कार सेंटर, ऑस्ट्रेलियात जेम्स कुक विद्यापीठ, इथे कासवांवरचं काम जुनं आणि भक्कम आहे. महाराष्ट्र सरकारने मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनमार्फत परदेशात सागरी विषयांत मास्टर्स आणि पीएचडी करण्यासाठी शिष्यवृत्ती आणली आहे, जागा थोड्या, विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वर असावं लागतं, पण आपल्या मुलांना माहीतच नसतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, तीही बघा.

पैशांबद्दल आईवडिलांशी आधीच मोकळं बोला. एमएससीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकांची प्रोजेक्टवर जातात, प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली, मग पुढचा प्रोजेक्ट. पक्की नोकरी वनविभाग, कॉलेज, संशोधन संस्था किंवा मोठी एनजीओ यांतच आणि तिथे पोचेपर्यंत वयाची तिशी येते. मुलींना घरून हे जास्त ऐकावं लागतं, त्यात रात्रीच्या किनाऱ्याची काळजी, तर सुरुवातीला एकटीने नाही, टीमसोबतच्या प्रोजेक्टमध्ये जा आणि एकदा घरच्यांना कॅम्पवर घेऊन या, बघितल्यावर बराच विरोध मावळतो.

एखाद्या संशोधकाला किंवा संस्थेला पहिला मेल लिहाल तेव्हा तो छोटा ठेवा. कुठल्या वर्षाला आहात, कुठल्या तारखांना मोकळे आहात, काय येतं, आणि त्यांचा कुठला पेपर वाचलात व त्यातलं काय कळलं नाही. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण टाळतात, पण उत्तर यायचं असेल तर त्याच ओळीमुळे येतं. दोन आठवड्यांत नाही आलं तर एकदा आठवण करा, ते फील्डवर असतात आणि तिथे रेंज नसते.